डॉ. तालिमेरेन आओ : अनवाणी संघाचे कप्तान

खेळाडूंची माहिती लिहायची म्हटली की आपल्यापुढे क्रिकेटवालेच उभे राहतात. फार तर कुस्तीचे पैलवान किंवा हॉकीचे ध्यानचंद. या अंकात माहिती दिली आहे ती एका फुटबॉलपटूची. त्यांचे नाव डॉ. तालिमेरेन आओ. स्वतंत्र भारताच्या फुटबॉल संघाचे हे पहिले कप्तान. शिवाय डॉक्टर, आणि तेही खरेखुरे, दवाखान्यात बसून रोगी तपासणारे.

नाव जरा वेगळे वाटेल. त्यात तालीम हा शब्द ऐकू येतो, पण आपल्या गावच्या तालमीशी त्याचा काही संबंध नाही बरं का! आणि आओ म्हणजे हिंदीतले 'या' असेही नाही. आओ हे नागा लोकांतल्या एका जमातीचे नाव आहे. वर्गातल्या भारताच्या नकाशात अगदी उजव्या टोकाला, ब्रह्मदेशाला (हल्ली त्याला म्यानमार म्हणतात) लागून नागालँड दिसेल. सगळा डोंगराळ मुलूख. तेव्हा हे वेगळे राज्य नव्हते, तो आसामातला नागा टेकड्यांचा जिल्हा होता. तिथल्या चांगकी नावाच्या खेड्यात २८ जानेवारी १९१८ रोजी तालिमेरेनचा जन्म झाला. घरात एकूण बारा भावंडे. तालिमेरेन चौथा.

वडील सुबोंगवाती हे पाद्री होते. त्यांच्या कामामुळे घर चांगकीहून इंपूरला आले. इंपूरला ख्रिस्ती मिशनचे मोठे ठाणे होते आणि तिथे शाळाही होती. शाळा म्हणजे मैदान आलेच, आणि मैदान म्हणजे चेंडू आला. पण चामड्याचा चेंडू कुठून आणणार? चिंध्या गुंडाळून गुंडाळून मुले चेंडू करीत आणि तासन् तास खेळत. हे वाचताना आपल्यालाही काही नवल वाटायला नको. सायकलच्या जुन्या ट्यूबचे रबर कापून वरून गुंडाळलेला चिंध्यांचा चेंडू कोणाच्या दप्तरात असतो ते सगळ्या वर्गाला माहीत आहे.

चिंध्यांचा चेंडू नीट उसळत नाही, लांब जात नाही. तो पायाजवळच ठेवून पळावे लागते. बूट घालायचा प्रश्नच नव्हता. मला वाटते, पुढे जो खेळ लोकांनी नावाजला त्याची सुरुवात तिथे झाली असावी. चेंडूवर ताबा ठेवायची सवय अशीच लागते.

१९३५ मध्ये त्या भागात विषमज्वराची साथ आली. विषमज्वर म्हणजे टायफॉईड. आज त्यावर औषधे आहेत. तेव्हा ती नव्हती. पेनिसिलीनसुद्धा अजून दवाखान्यात आलेले नव्हते, मग टायफॉईडवरचे औषध कुठले? आजाऱ्याची शुश्रूषा करायची आणि वाट बघायची, एवढेच हातात असे. सुबोंगवाती त्या आजारात गेले. जाण्यापूर्वी त्यांनी मुलापाशी एक इच्छा बोलून दाखवली होती. तालिमेरेनने डॉक्टर व्हावे आणि आपल्याच लोकांची सेवा करावी.

मुलगा तेव्हा सतरा वर्षांचा होता. वडील नाहीत, भावंडांचा एवढा गोतावळा, आणि डॉक्टरकीचे पदवीचे कॉलेज तर अख्ख्या आसामात नव्हते. ते दिब्रुगडला निघाले १९४७ मध्ये. म्हणजे वडिलांचा शब्द पाळायचा तर शेकडो मैल दूर परमुलखात जाणे भाग होते. आपल्याकडे तालुक्याला हायस्कुलात जायचे म्हटले तरी केवढी तयारी करावी लागते!

तालिमेरेन आधी जोरहाटच्या मिशन शाळेत शिकला, नंतर गुवाहाटीच्या कॉटन कॉलेजात गेला. दोन्ही ठिकाणी खेळात त्याचे नाव झाले. उंची चांगली पाच फूट दहा इंच. पळण्यात, उड्यांत तो तरबेज, पण जीव फुटबॉलवर. गुवाहाटीला महाराणा क्लब नावाचा फुटबॉलचा क्लब होता, त्यात तो खेळू लागला. तिथे त्याची शरत दास या खेळाडूशी ओळख झाली. हे दास पुढे कलकत्त्याच्या मोहन बागान क्लबात गेले. ही ओळख पुढे फार उपयोगी पडली.

१९४२ साली तालिमेरेन आओंना कलकत्त्याच्या कारमायकेल मेडिकल कॉलेजात प्रवेश मिळाला. याच कॉलेजाला पुढे १९४८ मध्ये आर. जी. कर यांचे नाव दिले गेले. इथून पुढे आपणही त्यांना अहो-जाहो म्हणू, कारण आता ते डॉक्टरकी शिकायला लागले आहेत.

कलकत्ता म्हणजे फुटबॉलचे पंढरपूर म्हणा ना. आणि त्यात मोहन बागान! या क्लबाची एक जुनी हकिगत सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. २९ जुलै १९११ रोजी मोहन बागानच्या अकरा जणांनी ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट या गोऱ्या पलटणीच्या संघाला हरवून आय. एफ. ए. शील्ड जिंकली. अकरांपैकी दहा जण अनवाणी होते. गोरे बुटात आणि आपले लोक उघड्या पायांनी. तो विजय बंगालभर आणि बाहेरही स्वातंत्र्याच्या लढाईतल्या विजयासारखा साजरा झाला. अशा क्लबात खेळायला मिळणे म्हणजे काय ते यावरून समजा.

शरत दास यांच्या ओळखीने १९४३ मध्ये आओ मोहन बागानमध्ये आले. त्या वर्षी आणि लागोपाठ १९४४ मध्येही मोहन बागानने कलकत्त्याची लीग जिंकली. पुढे आओ क्लबाचे कप्तानही झाले.

आता ते कुठे खेळत ते सांगायला हवे. फुटबॉलमध्ये काही जण गोल मारायला पुढे असतात, काही गोल अडवायला मागे. मधली जी फळी असते तिला दोन्ही कामे करावी लागतात. त्या काळी संघ उभा करायची रीत अशी होती : गोलरक्षक, त्याच्यापुढे दोन बॅक, त्यांच्यापुढे तीन हाफबॅक, आणि सर्वांत पुढे पाच फॉरवर्ड. आओ या मधल्या फळीत खेळत, आणि त्यातही बचावाकडे लक्ष ठेवून. समोरच्याचा हल्ला आला की मध्येच तोडायचा, चेंडू काढून घ्यायचा आणि आपल्या फॉरवर्डला नेमका द्यायचा. गोल झाला की टाळ्या फॉरवर्डला मिळतात. चेंडू कोणी पुरवला ते प्रेक्षक विसरतात. शेतात पाणी धरणाऱ्यासारखे हे काम आहे. पीक बघून कोणी त्याची आठवण काढत नाही, पण तो झोपला तर सगळे वाळते.

शिवाय कलकत्त्याची लीग ऐन पावसाळ्यात असते. मैदानात चिखल. बूट घातलेला गोरा खेळाडू बुटाखालच्या खुंट्यांमुळे घट्ट उभा राहतो, आणि अनवाणी माणूस घसरतो. कोरड्या जमिनीवर आपले लोक भारी, पाऊस पडला की बुटवाले भारी, असे चाले. तरीही बरेच खेळाडू अनवाणीच खेळणे पसंत करीत. कारण पैसे नसणे एवढेच नव्हते. उघड्या पायाला चेंडू नीट कळतो, त्याला हवा तसा वळवता येतो, असे त्यांचे मत होते. घोट्याला पट्टी बांधायची आणि उतरायचे.

ती वर्षे सोपी नव्हती. दुसरे महायुद्ध चालू होते. १९४३ मध्ये बंगालात भयंकर दुष्काळ पडला, कलकत्त्याच्या रस्त्यांवर माणसे उपाशी मेली. १९४४ च्या एप्रिलपासून जूनपर्यंत खुद्द नागा टेकड्यांत कोहिमाला जपानी सैन्याची आणि इंग्रजांच्या फौजेची घनघोर लढाई झाली. म्हणजे हा विद्यार्थी परगावी शिकतोय आणि आपल्या मुलखात तोफा चालल्या आहेत. त्यातच कॉलेजचे तास, दवाखान्यातले शिक्षण, परीक्षा आणि मोहन बागानचे सामने. दोन्हींपैकी एक सोडले असते तर कोणी नाव ठेवले नसते. त्यांनी दोन्ही धरून ठेवले.

१९४७ ला देश स्वतंत्र झाला. पुढच्याच वर्षी लंडनला ऑलिंपिक भरले. महायुद्धामुळे बारा वर्षे ऑलिंपिक झालेच नव्हते. स्वतंत्र भारताचा संघ पहिल्यांदाच आपल्या तिरंग्याखाली जाणार होता. फुटबॉलच्या संघाचे कप्तान म्हणून तालिमेरेन आओंची निवड झाली. उपकप्तान शैलेन मन्ना. संघाचे प्रशिक्षक होते बलाईदास चटर्जी.

२९ जुलै १९४८ रोजी वेंबलीच्या भव्य मैदानावर सर्व देशांच्या खेळाडूंचे संचलन झाले. भारताचा झेंडा हातात धरून पुढे चालत होते तालिमेरेन आओ. ज्या गावचे नाव कलकत्त्यातही कोणी ऐकले नसेल, त्या चांगकीचा मुलगा देशाचा झेंडा घेऊन! त्या ऑलिंपिकला गेलेल्या भारतीय पथकात आपल्या सातारा जिल्ह्यातील गोळेश्वरचे खाशाबा जाधव होते, हेही इथे सांगितलेच पाहिजे. ते कुस्तीत त्या वेळी सहावे आले, आणि पुढच्या १९५२ च्या हेलसिंकीच्या ऑलिंपिकला त्यांनी कांस्यपदक आणले.

फुटबॉलमध्ये भारताची पहिली गाठ ब्रह्मदेशाशी पडणार होती, पण ब्रह्मदेशाने माघार घेतली. म्हणून पहिला सामना थेट फ्रान्सशी. तारीख ३१ जुलै. ठिकाण लंडनजवळचे इलफर्ड. भारताचे अकरापैकी आठ खेळाडू अनवाणी उतरले. बघायला आलेले इंग्रज लोक चकित झाले. फ्रान्सच्या खेळाडूंच्या पायात जाड कातडी बूट, आणि समोर हे उघडे पाय. आता नुसता पाय पडला तरी बोटे मोडतील!

सामना मात्र बरोबरीचा झाला. बरोबरीचा म्हणजे खेळ बरोबरीचा. तिसाव्या मिनिटाला फ्रान्सने पहिला गोल केला. भारताला पेनल्टी मिळाली. पेनल्टी म्हणजे समोर एकटा गोलरक्षक, बहुतेक वेळा गोल ठरलेलाच. मन्नांनी मारली, ती गेली नाही. नंतर आणखी एक पेनल्टी मिळाली. ती महाबीर प्रसाद यांनी घेतली. तीही हुकली. दोन-दोन पेनल्टी! वाचणाऱ्यालाही चुटपुट लागते. सत्तराव्या मिनिटाला सारंगपाणी रामन यांनी गोल केला. स्वतंत्र भारताचा ऑलिंपिकमधला हा पहिला फुटबॉल गोल. एक-एक अशी बरोबरी झाली आणि सामना संपत आला. एकोणनव्वदाव्या मिनिटाला, म्हणजे खेळ संपायला जेमतेम एक मिनिट असताना, फ्रान्सने दुसरा गोल केला.

भारत २-१ ने हरला आणि स्पर्धेतून बाहेर पडला. पुढे १२ ऑगस्टला आपल्या हॉकी संघाने ब्रिटनला ४-० ने हरवून सुवर्णपदक मिळवले. त्या आनंदात फुटबॉलवाले मागे पडले. ते साहजिकच आहे म्हणा. पण खेळ बघितलेल्यांनी भारतीय संघाला मनापासून टाळ्या दिल्या होत्या.

सामन्यानंतरची एक गोष्ट पुष्कळ ठिकाणी सांगतात. एका पत्रकाराने कप्तानांना विचारले की तुमचे लोक बूट का घालत नाहीत. आओंनी हसत उत्तर दिले, त्याचा भावार्थ असा की, आमच्याकडे हा खेळ फुटाने म्हणजे पायाने खेळतात म्हणून तो फुटबॉल, तुमच्याकडे बुटाने खेळतात तेव्हा त्याला बूटबॉल म्हणावे लागेल. इंग्रजांच्या घरात इंग्रजांच्याच भाषेत केलेली ही कोटी! ती वर्तमानपत्रांतून छापून आली. इंग्लंडच्या राजाने मन्नांना पँट वर करायला सांगून पाय लोखंडाचे आहेत का ते पाहिले, अशीही एक कथा आहे. तिच्यात थोडे मीठमसाला असावा असे मला वाटते. पण अशा कथा उगीच कोणाबद्दल तयार होत नाहीत.

ऑलिंपिकनंतर संघ युरोपात आणखी काही सामने खेळला. हॉलंडमध्ये त्यांनी आयाक्स या नामांकित क्लबाला ५-१ असे हरवले. लंडनच्या आर्सेनल क्लबाने आओंना आपल्याकडे खेळायला बोलावले होते आणि त्यांनी नाही म्हटले, असेही सांगतात. अभ्यास पुरा व्हायचा होता.

१९५० मध्ये आओ एम. बी. बी. एस. झाले. १९४२ ला आत गेलेला विद्यार्थी १९५० ला डॉक्टर होऊन बाहेर पडला. मध्ये मोहन बागान, लीग, लंडन, सगळे झाले. घरची मंडळी किती वर्षे वाट बघत असतील!

आता त्यांच्या बरोबरीच्या खेळाडूंचे काय झाले ते पाहा. १९५१ च्या मार्चमध्ये दिल्लीला पहिले आशियाई खेळ झाले. भारताने अंतिम सामन्यात इराणला १-० ने हरवून फुटबॉलचे सुवर्णपदक जिंकले. कप्तान होते शैलेन मन्ना, गोल केला मेवालाल यांनी. दोघेही लंडनला आओंच्या संघात होते. त्या सुवर्णपदकाच्या संघात आओ नव्हते. ते डॉक्टर झाले होते. पुढे १९५२ ला हेलसिंकीला आपला संघ थंडीत बहुतेक अनवाणीच खेळला आणि युगोस्लाव्हियाने त्याला १०-१ असे हरवले. त्यानंतर भारतात बूट सक्तीचे झाले. या हारजितीत आओ कुठेच नव्हते. सुवर्णपदक त्यांच्या घरी आले नाही, याची हळहळ वाटते खरी. कोणी म्हणेल, आणखी दोन वर्षे खेळले असते तर काय बिघडले असते? पण त्यांच्या वडिलांना जाऊन तोपर्यंत पंधरा-सोळा वर्षे झाली होती. आजारी माणसे काही सामना संपायची वाट बघत नाहीत.

डॉ. आओंनी दिब्रुगडच्या वैद्यकीय महाविद्यालयात कान-नाक-घसा विभागात काम केले. मग १९५३ मध्ये ते कोहिमाच्या सरकारी दवाखान्यात असिस्टंट सिव्हिल सर्जन म्हणून रुजू झाले. कलकत्ता-मुंबईत दवाखाना काढला असता तर एवढ्या प्रसिद्ध माणसाकडे रोग्यांची रीघ लागली असती. ते गेले आपल्या डोंगरांत. तिथे गावे डोंगरमाथ्यावर, वाटा पायी तुडवायच्या, पावसाळा चारपाच महिन्यांचा. त्या काळात नागा टेकड्यांत अशांतताही मोठी होती. सैन्य आणि बंडखोर यांच्यात चकमकी होत, गावे धास्तावलेली असत. अशा मुलखात डॉक्टर असणे म्हणजे काय, हे पालकांना अधिक समजेल. आपल्याकडे रात्री-अपरात्री बाळंतपण अडले आणि ओढ्याला पूर आला म्हणजे घरच्यांची कशी धावपळ होते ते त्यांनी पाहिले आहे.

१ डिसेंबर १९६३ रोजी नागालँड हे वेगळे राज्य झाले. नव्या राज्याच्या आरोग्य खात्याचे संचालक म्हणून डॉ. आओंची नेमणूक झाली. आता एका दवाखान्याऐवजी सगळ्या राज्याचे दवाखाने, लसी, औषधे, डॉक्टर, नर्सबाई यांची काळजी त्यांच्याकडे आली. पुन्हा मधल्या फळीचेच काम म्हणायचे. मागे सांभाळायचे आणि पुढे पुरवायचे. हे काम त्यांनी निवृत्त होईपर्यंत केले. १९७८ मध्ये ते निवृत्त झाले.

एक गोष्ट मात्र खटकते. एवढा मोठा माणूस, पण कित्येक वर्षे देशाला त्यांची आठवण फारशी राहिली नाही. आपल्या कोल्हापुरात फुटबॉलचे केवढे वेड, पाटाकडील तालीम आणि खंडोबा तालीम यांचा सामना असला की गर्दी लोटते, तिथल्याही किती जणांना स्वतंत्र भारताच्या पहिल्या कप्तानाचे नाव सांगता येईल कोण जाणे.

१३ सप्टेंबर १९९८ रोजी डॉ. तालिमेरेन आओ वारले. त्या वेळी त्यांचे वय ८० वर्षांचे होते. नंतर हळूहळू लोकांना जाग आली. आसामात कालियाबोर येथे त्यांच्या नावाचे मैदान आहे. ज्या कॉटन कॉलेजात ते शिकले तिथल्या बंदिस्त क्रीडागृहालाही त्यांचे नाव दिले आहे. २००९ पासून ईशान्येकडील राज्यांसाठी डॉ. टी. आओ करंडकाची फुटबॉल स्पर्धा सुरू झाली. २०१८ साली, म्हणजे त्यांच्या जन्माला शंभर वर्षे झाली तेव्हा, भारत सरकारच्या टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. तिकिटे जमवणाऱ्यांनी ते पोस्टमनकाकांकडे जरूर विचारावे.